पुस्तकातला किल्लेदार आणि जुन्या जालन्यातली चोरी

ती घटना आठवली की आजही छाती फुगते, आणि आजवर ती अर्धीच सांगितली याची टोचणीही लागते.

मी तेव्हा जालन्यात फौजदार होतो. जुन्या जालन्यातल्या एका ठोक कापड दुकानाचा मागचा पत्रा उचकटून चोरांनी तागे नेले. मालकाच्या संशयावरून मी म्हाताऱ्या पहारेकऱ्याला अटक केली. गल्लीत ऑटोचा आवाज आला होता, असं तो सांगत राहिला. मला ती सबब वाटली.

खबर आणली चहावाल्याने. एक ऑटोवाला, एक हमाल आणि एक शिंपी रोज त्याच्या बाकावर भाड्याची कादंबरी घेऊन बसत. जादूचा किल्ला फोडणाऱ्या चोरांची. ऑटोवाला मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. चोरीपासून तिघंही फिरकले नव्हते.

"चोर किल्ल्यात अडकल्यात साहेब, अन् हे अर्ध्यातच सोडून गेले. असं कोणी करतंय का?"

त्याची तक्रार पुस्तकाची होती. मला मात्र पहारेकऱ्याचा ऑटो आठवला.

तिघांना ठाण्यात आणून वेगवेगळं बसवलं. हमालावर नेहमीचा डाव टाकला. "तुझा जोडीदार बोललाय. सगळं तुझ्यावर ढकललं त्यानं."

हमाल हसला. "हे पुस्तकात बी हाय साहेब. किल्लेदार असंच म्हन्तो. कोणी फुटत न्हाई मंग."

शिपायाला पाठवून ते पुस्तक मागवलं. तपासासाठी उघडलं आणि जेवणाचा डबा तसाच राहिला. किल्ल्यात खजिना कसला होता, ते आता आठवत नाही. जो चोर सापडे तो 'मी एकट्यानेच केलं' म्हणे, एवढं मात्र पक्कं आठवतं.

पुन्हा हमालासमोर बसलो. "ऑटोवाल्याने सगळा गुन्हा एकट्यानेच अंगावर घेतलाय. तू जा घरी."

हे साफ खोटं होतं. त्याचं हसू गेलं.

"त्याचं लेकरू लहान हाय साहेब. पत्रा म्या उचकटला. तो नुसता गल्लीत थांबल्ता."

शिंप्याला हेच सांगितलं. तो उठूनच उभा राहिला. "माल म्या लपवला. पंच घ्या, जल्दी चला, दाखवतो."

जालन्याजवळच्या टेंभुर्णीत त्याच्या मामाच्या कडब्याच्या गंजीतून सगळे तागे निघाले. जप्तीचा पंचनामा झाला, पहारेकरी सुटला, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

तिघांना एका कोठडीत आणलं तेव्हा हाणामारी होईल म्हणून शिपाई तयारीत होता. ऑटोवाल्याने विचारलं, "आधी कोण बोललं रे?"

"म्या," हमाल म्हणाला.

"हट. म्या आधी," शिंपी म्हणाला.

शिपायाने तोंड फिरवून हसून घेतलं.

सराईत चोर मी पुष्कळ पाहिले. वाटणीवरून भांडून ते आपसूक हाती लागत. या तिघांना धाक दाखवून काहीच निघालं नसतं. जोडीदार अडकतोय म्हटल्यावर ते बोलले. अशी पुस्तकं लोक जेवण विसरून का वाचतात, तेही मला तेव्हाच कळलं. आपण सापडलो तर कोणीतरी पुढे येऊन 'याला सोडा' म्हणावं, असं प्रत्येकाला वाटतं.

विचारणाऱ्यांना मी 'कसून चौकशी केली' एवढंच सांगत आलो. पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, हे कधी बोललो नाही. त्याला सोडा म्हणायला ठाण्यात कोणीही आलं नव्हतं. ते काम माझं होतं.