दाजींचा फ्लॅश

पौडहून आलेल्या त्या फोटोग्राफरचं नाव आम्ही कुणी विचारलंच नाही. धाकटीच्या लग्नात त्यानं कोळवणच्या शाळेत दोन बांबूंना दोन फ्लॅश बांधले. हातातला फ्लॅश उडाला की तो उजेड बघून ते दोन्ही आपोआप उडत. त्यांच्या काचा तो सारखा रुमालाच्या टोकानं पुसायचा, तान्ह्या पोराचे डोळे पुसावेत तशा.

घोळ केला आमच्या दाजींनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यानं. ते नवा कॅमेरा घेऊन आले होते. त्यांनी फ्लॅश मारला की बांबूवरचे उडून जात आणि फोटोग्राफरच्या वेळी थंड पडत. पण जावयाला थांबा म्हणायची कुणाची छाती? फोटो वाया गेले. रोलात एकच उरला.

फोटोग्राफर हसला. त्यानं खिडक्या लावून अंधार केला आणि दाजींना घोळक्यात मधोमध बसवलं.

"मी नुसता कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठिवतो. उजेड तुमीच पाडा, दाजी!"

सगळे खदखदून हसले आणि दाजींनी मांडीवर उताण्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. त्यासरशी बांबूवरचे दोन्हीही उडाले.

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. सगळे हसतायत, पण दाजी सगळ्यांत उजळ. नवा पाहुणा त्यांच्यावरच बोट ठेवतो, "हे नवरदेव का?"

दाजी समोर बसलेले असले, तरी नाही म्हणत नाहीत.