उपासाला चालेल असं

आमच्या दारात आलेल्या माणसाला हमखास उपास असायचा. वार कुठलाही असो, आई ताट वाढायला उठली की पाहुणा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "नको वहिनी, आज माझा उपास." चहा विचारला तर तो आत्ताच कुठंतरी झालेला असायचा. आम्ही बौद्ध होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण साताऱ्यातल्या लोकांचे उपास काही सुटले नव्हते.

अशा घरात रूथ राहायला आली. अमेरिकेतली सोळा वर्षांची पोर, वर्षभरासाठी आमच्या मुलींच्या शाळेत शिकायला आलेली. शाळेनं तिच्यासाठी घर शोधायला सुरुवात केली तेव्हा चांगल्या चांगल्या घरांनी कानावर हात ठेवले. ती काय काय खात असेल कुणास ठाऊक, स्वयंपाकघरात कशी घ्यायची? माझे बाबा, राजाराम हवालदार, दुसऱ्या महायुद्धात इटलीला फौजेच्या मोटार कंपनीत होते. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना आपल्या चुलीपुढं बसवून जेवू घातलं होतं. ते शाळेत जाऊन म्हणाले, "आमच्यात ऱ्हाऊ द्या पोरीला." दुसरं कोणी तयारच नव्हतं म्हणून आमची वर्णी लागली.

बाबा खुशीत होते. आईची, बायडाबाईची, मात्र झोप उडाली. तिचं माहेर कुंडलचं. तिथं लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यायलेली बाई ती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "रत्ने, लोक आपल्या घरचं पानी पीत न्हाईत, हे ह्या पोरीला कळता कामा नये. कळलं तर दुसरीकडं ऱ्हाते म्हनंल. मग तुझ्या बाबानं तोंड कुठं दाखवायचं?"

रूथला काहीच कळलं नाही. ती माझ्याच बाकावर बसायची. मुली मधल्या सुट्टीत तिचे पिवळे केस हातात घेऊन बघायच्या, लाल रिबिनी बांधून द्यायच्या. मराठी ती शिकली आईकडून, त्यामुळे बाईंनी प्रश्न विचारला की उभी राहून सरळ सांगायची, "मला ठावं न्हाई." सगळा वर्ग खिदळायचा आणि तीही हसायची. मैत्रिणी तिला घरी बोलवत. तिच्यामागून मी जायचे. आधी तिला स्वयंपाकघरात घ्यायला घाबरणाऱ्या बायका आता कौतुकानं माजघरात पाट मांडायच्या. मी ओसरीवर बसायचे. रूथला वाटायचं, मी लाजाळू आहे. मी लाजाळू नव्हते, माझं डोकं तापायचं. पण आईला शब्द दिला होता.

दिवाळीनंतरच्या थंडीत रूथनं घात केला. भर वर्गात उभी राहून तिनं सगळ्यांना आमंत्रण दिलं, "रविवारी आमच्या घरी या. आई धपाटी करती, लय भारी!"

हे ऐकून आई हातातलं काम टाकून माझ्याकडं वळली. "धपाटी केली आन् कुनीच हात लावला न्हाई, तर? पोरीच्या देखत?" दोन दिवस ती कशात लक्ष घालेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. शनिवारी मात्र तिचं ठरलं. घरात काही शिजवायचंच नाही. तिनं बाजारातून केळी आणली, टरफलासकट शेंगा आणल्या, गोटी सोड्याच्या बाटल्या आणल्या. "केळ्याला साल हाय, शेंगंला टरफल, बाटलीला गोटी. कुनाचा इटाळ न्हाई. उपास हाय म्हनाल्या तरी चालतंय." रूथनं धपाट्यांचं विचारलं तेव्हा आई तिच्याकडं न बघता म्हणाली, "पीठ सपलंय बाय."

रविवारी निम्म्याहून जास्त मुली आल्याच नाहीत. चौघी आल्या आणि अंगणात घोंगडीवर दाटीवाटीनं बसल्या. आई उंबऱ्याच्या आत उभी राहून पदराचं टोक पिळत होती. मुलींनी केळी सोलली, शेंगा फोडल्या, सोडा पिऊन ढेकर दिले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, पडलं एकदाचं पार.

तेवढ्यात शालन म्हणाली, "धपाटी कुठायत?" ही पलीकडच्या आळीतल्या लालासाहेबांची मुलगी. त्यांच्या ओसरीवर मी किती वेळा बसले असेन. "आम्ही त्याच्यासाठी तर आलो."

"पीठ सपलंय," रूथ म्हणाली.

शालनचं तोंड उतरलं. खरंच उतरलं, मी पाहिलं. आईनंही पाहिलं. तिनं पिळलेला पदर कमरेला खोचला. मग कशीबशी म्हणाली, "पीठ हाय."

ती आत वळली. चूल सकाळपासून थंड होती. फुंकर घालता घालता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं नव्हतं. मग तिनं ओल्या फडक्यावर धपाटं थापलं. शालन उठून थेट चुलीपाशी येऊन बसली. बाकीच्या तिघी एकमेकींकडं बघत "उशीर झाला, घरी ओरडतील" म्हणून चपला घालून गेल्या. पहिलं धपाटं जरा करपलंच. शालननं ते दह्याशी खाल्लं आणि दुसऱ्यासाठी ताटली पुढं केली.

निघताना ती दारातून माघारी आली. "काकी, आमच्या घरी कळू देऊ नका हं."

"न्हाई कळायचं, पोरी," आई म्हणाली.

ती गेली आणि मी भडकले. "चोरून खाल्लं, त्यात काय मोठंसं?"

"का कळू नको?" रूथनं विचारलं.

ज्या प्रश्नाची आईला महिनोन्‌महिने धास्ती होती, तो असा उभा राहिला. आईनं तवा उतरवला, रूथला चुलीपुढं बसवलं आणि सगळं सांगितलं. ओंजळीतलं पाणी, लोकांचे उपास, ओसरीवरची मी, केळ्याची साल. रूथ ऐकता ऐकता रडायला लागली. तिनं माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"आता जाशील दुसरीकडं?" आईनं विचारलं.

"न्हाई," रूथ म्हणाली. "आई, तू पीठ सपलंय का म्हनालीस?"

आईनं उतरवलेला तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

रूथ वर्षभर आमच्याकडंच राहिली. मला आत घेत नाहीत तिथं ती जेवली नाही, त्यामुळे तिची आमंत्रणं आटली. शालन अधूनमधून परसदारानं यायची. लोकांचे उपास काही सुटले नाहीत, पण आईनं पाहुण्यांसाठी पुन्हा कधी केळी आणली नाहीत. कुणी दारात दिसलं की ती आधी चूल पेटवायची आणि मग म्हणायची, "बसा. उपास असंल तर तसं सांगा, आमी जेवतो."