साडूंच्या वाकड्या वाटा

साऱ्या दिल्लीत सरळ रेघेत चालता न येणारा एकच माणूस असेल, तर तो म्हणजे माझे साडू. आणि चहापलीकडे ते कशालाही शिवत नाहीत.

तीसेक वर्षं मिनिस्ट्रीत फायली सरकवून ते निवृत्त झाले आणि फरीदाबादपलीकडच्या एका खासगी जंगलाची देखरेख त्यांनी आपणहून अंगावर घेतली. जंगल त्यांच्या जुन्या वरिष्ठांचं, ज्यांना ते अजूनही ‘सर’ म्हणतात. जंगल कसलं, अरवलीच्या उतारावर माजलेली विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही आणि आत शिरलेला माणूस शर्टाची बाही मागे ठेवूनच बाहेर पडतो. ती कापून वाटा करायच्या, मधेमधे जागा मोकळी करायची, एवढंच काम. वनखात्याची परवानगी होती, साताऱ्याहून मागवलेला कोयता होता आणि दर रविवारी मेट्रोनं ओढून न्यायला मी होतो.

पण कोयता उचलण्याआधी ते झाडाभोवती तीन फेऱ्या मारत आणि वहीत कारण लिहीत. “झाड तोडायला दहा मिनिटं लागतात. का तोडलं ते लिहायला अर्धा तास लागायला हवा,” असं मला गंभीरपणे सांगत. कीकर सोडून दुसरं काही आडवं आलं, की कोयता खाली. पळसाचं रोप दिसलं, वाट डावीकडे वळली. वारूळ लागलं, उजवीकडे. फाटकापासून विहिरीपर्यंतचं पाच मिनिटांचं अंतर त्यांच्या वाटेनं पंचवीस मिनिटांचं झालं. चौकीदार एकदा म्हणाला, “साहब, रास्ता बना रहे हो या जलेबी?”

“जलेबी,” साडू म्हणाले. “लेकिन पहुँचेगी.”

दोन हिवाळे राबून आम्ही मधोमध टेनिस कोर्टाएवढी जागा मोकळी केली. पावसाळ्यात तिथे गवत आलं, त्यामागे फुलपाखरं आली, आणि पुढच्या एप्रिलात उघड्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली. नेमके त्याच आठवड्यात सर आले. जागा बघून खूश झाले आणि म्हणाले, “पोती की सगाई यहीं करेंगे. समतल करवा दो, टेंट लगेगा.”

साडूंचे कान लाल झाले. या माणसापुढे ते अजून खुर्चीत टेकून बसत नाहीत.

“सर, नहीं होगा,” ते म्हणाले.

अख्ख्या नोकरीतला राहून गेलेला नकार त्यांनी त्या एका वाक्यात देऊन टाकला. आता आपलं इथलं येणं संपलं, असं मी धरून चाललो. सरांनी कारण विचारलं, तेव्हा साडूंनी त्यांना हाताला धरून दहा पावलांवर नेलं. सरांना नुसते खडे दिसत होते. तेवढ्यात टिटवी कर्कश ओरडत त्यांच्या डोक्यावर झेपावली आणि सर मटकन खाली बसले. खाली बसल्यावर त्यांना अंडी दिसली.

“कितने दिन लगेंगे?” बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं.

“पच्चीस-तीस, सर.”

टेंट फाटकापाशी लागला. सरांच्या नातीच्या साखरपुड्याच्या दिवशी भारी साड्या आणि शेरवान्या त्या वाकड्या वाटेनं एकामागे एक, कुजबुजत, लांबून टिटवी बघून आल्या. सर्वांत पुढे नवरी होती. साडू मागे उभे राहून कुणाचा पदर काट्यात अडकतोय का ते बघत होते.

गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले आणि मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. आता मी एकटाच जातो. कीकर बुंध्यातून पुन्हा फुटते, हात थांबला की वाट मिटते. परवा विहिरीपाशी बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

“मोकळ्या जागेत गवत किती आलंय?”

“गुडघ्याएवढं.”

त्यांनी विचारलं, “तुझ्या, की माझ्या?”

ते माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. “तुमच्या,” मी म्हणालो.

“मग वहीत तसं लिही,” ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.