कात्रीबाईचा अंगठा

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे थर कापायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे कात्रीबाई म्हणत. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दिवसभर जाड कापडातून जड कात्री चालवायची, मूठ मिटायची-उघडायची, मनगट वाकडं ते वाकडंच. दुखायला लागलं तेव्हा मास्तरांनी, ज्यांच्या हाताखाली ती कापायला शिकली त्यांनी, कापडाच्या काठाची पट्टी मनगटाला करकचून बांधायला सांगितली. कापायच्या टेबलाची रीतच होती ती. जिची पट्टी जास्त आवळलेली, ती जास्त खमकी. कात्रीबाईच्या मनगटावर वळ उठायचे, आणि बाईंना त्या वळांचा अभिमान! कपाळ आमचं.

मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची. हातातून कप निसटला की सासूबाई म्हणायच्या, "लक्ष कुठे असतं हिचं?" नवरा म्हणायचा, "वय झालं आता, तेल लाव." जाऊबाईंनी मानेच्या शिरेपासून पोटातल्या वातापर्यंत सगळी कारणं सांगून टाकली. फुकटचे सल्ले द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? हिने पट्टी आणखी आवळली.

एक दिवस पांढऱ्या कापडावर लाल डाग उमटला. बोट कापलं होतं, आणि तिला कळलंच नव्हतं. मास्तर धावत आले ते कापड उचलायला. "अगं, सगळा थर वाया घालवलास!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री आपटून ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्यांनी मनगटावर बोटाने टकटक केलं, तशा अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. "इथे आत एक अरुंद बोगदा असतो," त्या म्हणाल्या. "बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या आणि एक नस त्यातूनच जातात. सतत जोर लावून आत सूज आली की नस चेपते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून ती शाबूत आहे. आणि तुम्ही वरून पट्टी आवळलीत?"

"बांधलं की दुखणं कमी होतं म्हणतात."

"हात बधिर झाल्यावर दुखणार काय?"

सुरुवातीलाच आली असती, तर हाताला विश्रांती, झोपताना मनगट सरळ ठेवणारा आधार, फार तर एखादं इंजेक्शन, एवढ्यावरही भागलं असतं. आता अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजलं होतं. शस्त्रक्रिया करून नस मोकळी करायलाच हवी होती, पण अंगठ्याचा जोर किती परतेल हे सांगता येत नव्हतं. जोर गेला तर कात्री गेली, हे तिला कुणी समजवायला नको होतं.

शस्त्रक्रिया झाली. शांत झोप लागू लागली, बोटांना कापडाचा पोत कळू लागला. अंगठा मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता बसून. महिने गेले तरी कात्री काही पेलेना.

शेवटी ती कारखान्यात गेली. "ये ये," म्हणत मास्तरांनी खुर्चीकडे हात केला. त्यांच्या तळहाताच्या बुडाशी, जिथे हिचा व्रण होता तिथेच, एक जुनी पांढरी रेघ. इतकी वर्षं समोर असून तिला दिसली नव्हती. आता कुठे बघायचं ते ठाऊक होतं.

"मास्तर, तुमचंही ऑपरेशन झालंय."

त्यांनी मूठ मिटली. "हळू बोल. तू यायच्या आधीचं आहे ते. बहिणीकडे जातो सांगून करून आलो. कापणाऱ्याचा हात बिघडला कळल्यावर मला मास्तर कोण म्हणणार?"

"आणि मला पट्टी बांधायला लावलीत?"

"पट्टी नको म्हटलं असतं, तर तुम्हाला कसं ठाऊक म्हणून विचारलं असतंस."

टेबलाभोवतीच्या बायकांचे हात थांबले. कात्रीबाईने मास्तरांची मूठ ओढून उघडली आणि आपला हात शेजारी ठेवला. त्यांच्या अंगठ्याचं बूड चांगलं गुबगुबीत होतं. तिच्या जागी खळगा.

"बघा गं," ती ओरडली, "यांची नस वेळेवर सोडवली म्हणून अंगठा वाचला. माझा यांच्या अब्रूपायी गेला."