चौथं पॅनल

"बाकी तीन बहुत अच्छे हैं. ये चौथा हटा दीजिए," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

प्रदर्शन परवावर आलं होतं आणि आम्ही दोघी शाळेच्या हॉलमध्ये उभ्या होतो. मी पूर्व दिल्लीतल्या एका शाळेत अकरावीला इतिहास शिकवते. जेनोसाइड म्हणजे नरसंहार, एखाद्या समूहाला, तो समूह आहे एवढ्याच कारणासाठी संपवण्याचा प्रयत्न. मुलांनी वर्षभर त्यावर प्रोजेक्ट केला होता. आर्मेनिया, जर्मनी, रवांडा. चौथं पॅनल आमच्या दिल्लीचं होतं, चौऱ्याऐंशी सालचं. त्या वेळी शिखांना घरांतून ओढून मारलं, त्याला कोणता शब्द लावायचा यावर वाद आहेत. तो वादही मुलांनी पॅनलवर मांडला होता.

एका पालकाने तक्रार केली होती. मॅनेजमेंटला भानगड नको होती.

"मग चारही काढते," मी म्हणाले.

"तीन तो रखिए."

"मॅडम, तीनच ठेवली तर मुलं काय शिकतील? हे सगळं दुसऱ्या देशात होतं, दुसरी माणसं करतात. तेवढंच शिकवायचं असेल तर मला वर्षभर राबायची गरज नव्हती. काढायचं तर लेखी ऑर्डर द्या."

लेखी काही आलं नाही. आमची पॅनल्स बाहेर ठेवून हॉलला मात्र कुलूप लावलं.

मी मयूर विहारला राहते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे कम्युनिटी हॉल मागितला. ते म्हणाले, "मॅडम, पॉलिटिक्स नको." त्यांच्या शेजारी मनजीत कौर बसल्या होत्या. आमच्याच सोसायटीतल्या, निवृत्त नर्स. चौऱ्याऐंशीत त्यांचे पती आणि दीर मारले गेले. प्रोजेक्टसाठी मुलांशी बोलायला त्याच तयार झाल्या होत्या.

"हॉल मेरा भी है, बेटा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "मैं अपनी बात कहाँ करूँ, सड़क पे?"

चावी मिळाली.

असा विषय शिकवण्याचे काही नियम असतात. प्रेतांचे फोटो लावायचे नाहीत. मुलांना मारेकरी किंवा बळी बनवून नाटक करायचं नाही. ज्याने भोगलं त्याला नको तो प्रश्न विचारायचा नाही, आणि तो थांबला तर थांबायचं. रविवारी हॉल भरला तेव्हा मुलांनी हे सगळं पाळलं. मोठ्यांचा भरवसा नव्हता.

तक्रार करणारे ते पालकही आले. मनजीतजी बोलायला बसताच ते उठले. "बच्चों को ये सब क्यों सुनाना?"

मी पुढे झाले, पण मनजीतजींनी हाताने मला थांबवलं.

"मेरे भी बच्चे थे," त्या म्हणाल्या. "उन्होंने देखा है. आपके सिर्फ सुन लें."

ते उभेच राहिले. तेवढ्यात आमच्या वर्गातल्या सानियाने मुलांनी ठरवलेला प्रश्न विचारला. "आंटी, आपको किसने बचाया?"

"सामनेवाली ने. हमें बाथरूम में बंद किया और बाहर बैठ के मटर छीलती रही. भीड़ आई तो बोली, यहाँ कोई नहीं." मग म्हणाल्या, "और जिसने उंगली से हमारा घर दिखाया, वो भी पड़ोसी था."

ते पालक खाली बसले. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. निघताना त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. पण शेवटपर्यंत बसले.

सोमवारी मला मेमो मिळाला. शाळेचं नाव परवानगीशिवाय वापरलं, असा आरोप. नाव कुठेच नव्हतं, तसं मी उत्तर दिलं आणि हॉलचे फोटो जोडले. तरी माझ्याकडून अकरावी काढून घेतली. आता मी सहावीला हडप्पा शिकवते. प्रोजेक्ट दर वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये होतो. जवळच्या दोन शाळांचे शिक्षक स्वतःहून मुलं घेऊन येतात आणि चौथं पॅनल पहिलं लागतं.

नवे शिक्षक विचारतात, परवानगी कशी मिळवायची? मी सांगते, लांबच्या नरसंहाराला परवानगी लगेच मिळते. टाळाटाळ सुरू झाली की समजा, आता तुम्ही खरं शिकवायला लागलात.