खळीने चिकटवलेली लेबलं

निवृत्तीनंतर पुष्कळ गुन्हे विसरलो, पण मुरबाडच्या त्या बाटल्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

एका औषध दुकानदाराने पोलीस ठाण्यात फोन केला. त्याच्याकडे गरोदर बायकांसाठीच्या लोहाच्या गोळ्या आल्या होत्या. बाटल्यांवरची लेबलं झुरळांनी कुरतडली आणि खालून दुसरंच लेबल निघालं, मुदत संपलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचं. या तपासाचं बक्षीस खरं तर झुरळांनाच द्यायला हवं होतं. औषध निरीक्षकांनी नमुने घेतले, आम्ही पंचनामा केला. मी एक लेबल नखाने खरवडलं. पांढरी पापडी निघाली, तांदळाच्या पिठाची खळ. कारखान्यात कोणी खळ शिजवत बसत नाही. काम कुणाच्या तरी घरात चाललं होतं.

खबऱ्याने आटगावजवळचं घर दाखवलं. घरात पन्नाशीची एक मावशी आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली तिची लेक. लेक पांढरीफटक.

"डिंक सोडून खळ का लावलीत, मावशी?"

"डिंक सपला व्हता. शेठ बोलला, काम थांबवू नका. कंपनीनं नाव बदललंय, नवीन लेबल लावायचं, एवढंच."

"शेठचा माल कुठे असतो?"

तिने मान फिरवली. महिला शिपायाने दरडावलं, तरी सांगेना. घरी काम आणून देणाऱ्याचा ठावठिकाणा कोणी सहज सांगत नाही. मग एकदम उसळली.

"माल खोटा आसता तं माझ्या पोरीला दिला आसता का? रोज मीच देते, रगत वाढाया!"

 सांगणं भाग होतं. त्या गोळ्यांत लोह नाही, हे ऐकताच तिने लेकीचा हात धरला.

"पयलं पोरीला दवाखान्यात न्या, साहेब. मंग गोडाऊन दावते."

"तोवर शेठ पसार होईल," हवालदार कुजबुजला. तो चुकीचं बोलत नव्हता. तरी जीप आधी सरकारी रुग्णालयाकडे वळवली. लेकीला रक्त चढवावं लागलं. आम्ही गोडाऊनवर पोहोचलो, तेव्हा शेठ टेम्पो भरत होता. जरा उशीर झाला असता, तर रिकाम्या भिंतींचा पंचनामा करत बसलो असतो.

मावशीला आम्ही साक्षीदार केलं. कोर्टात आरोपीच्या वकिलाने विचारलं, "लेबलं तुम्हीच चिकटवलीत ना?"

"व्हय, मीच. आन त्या गोळ्या पोटच्या पोरीला मीच चारल्या."

वकिलाने उलटतपासणी तिथेच संपवली. दरडावून मी अनेकांना बोलतं केलं, पण त्यातले बहुतेक स्वतःला वाचवायला बोलले. खरं बोलायला आधी माणसाची आपल्या माणसांबद्दलची काळजी मिटावी लागते, हे मला या बाईने शिकवलं.

कोर्टाबाहेर लेक बाळाला घेऊन उभी होती. तिने नातू मावशीपुढे केला. त्याला घेण्याआधी मावशीने दोन्ही हात पदराला खसाखसा पुसले. हात स्वच्छच होते.