न धुतलेला फ्रॉक

टबमध्ये शुद्ध केलेलं पाणी तयार होतं. जाळीवर लहान मुलीचा पांढरा, पिवळे डाग पडलेला फ्रॉक पसरला होता. तो पाण्यात सोडायचा, एवढंच बाकी होतं. मी सोडला नाही.

“मग, फ्राऊ जोगळेकर, पाण्याला फ्रॉक घाबरतोय की तुम्ही?” विभागप्रमुख फ्राऊ ब्रांट म्हणाल्या.

२००६चा सुमार. ड्रेस्डेनच्या एका छोट्या संग्रहालयात मी जुन्या कापडांची दुरुस्ती करत होते. माझी प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे होते. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले महिने. त्या काळात फारशी कारणं न देता घरी पाठवता येतं. माझा व्हिसा याच नोकरीवर होता. त्या दिवशी मंगळवार होता, शुक्रवारी प्रदर्शन उघडणार होतं आणि पोस्टरवर हाच फ्रॉक होता. कार्डावर लिहिलं होतं: वाढदिवसाचा फ्रॉक. तो एकोणिसाव्या शतकात इथे येऊन राहिलेल्या एका इंग्रज कुटुंबातला.

“घेरावर भोकं आहेत,” मी म्हणाले.

“एवढ्या जुन्या कापडाला भोकं नसती तर मला काळजी वाटली असती.”

“एका ओळीत आहेत. सुईची आहेत.”

भिंगाखाली काही भोकांत काळ्या दोऱ्याचे तुकडे दिसत होते. त्या काळी इंग्रज घरांत लहान मुलांना दुखवट्यात बऱ्याचदा पांढराच फ्रॉक घालत आणि त्यावर काळ्या क्रेपची फीत शिवत. क्रेप म्हणजे सुरकुतलेलं, बिनचमकीचं रेशीम. दुखवटा संपला की फीत उसवायची. या क्रेपचा काळा रंग पाण्यात तपकिरी होऊन सुटतो.

आदल्या दिवशी घेरावरची करडी रेघ, बहुधा त्या क्रेपचीच, मी साधी धूळ समजून व्हॅक्यूमने काढली होती. तो धुरळा पाकिटात जपायचा, हा या कामातला पहिला नियम. मी तो केरात टाकला होता. हेही ब्रांटबाईंना सांगितलं.

“छान,” त्या म्हणाल्या.

मी ओलसर टिपकागद एका भोकावर दाबून धरला. उचलला तेव्हा त्यावर तपकिरी ठिपका उमटला होता.

“म्हणजे धुता येणार नाही. मग पिवळ्या डागांसकट वाढदिवस साजरा करायचा?”

“वाढदिवस नव्हताच.”

त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं. चार बोटं खाली त्यांनाच दुसरी ओळ सापडली. मूल वाढेल म्हणून घेराची एक पट्टी आत दुमडलेली असते. ती पुढे सोडतात. दुसरी ओळ त्या सोडलेल्या पट्टीवर होती. म्हणजे फीत दोनदा शिवली गेली होती आणि मधल्या काळात मुलगी वाढली होती.

फ्रॉक प्रदर्शनासाठी उसना आणलेला होता; कार्डावरचा मजकूर मालकिणीच्या संमतीशिवाय बदलता येत नव्हता. तिने फ्रॉक परत मागितला, तर पोस्टरसकट सगळंच गेलं असतं. बुधवारी मालकीण आल्या: त्या मुलीची पणती, ऐंशीच्या घरातल्या फ्राऊ लिंडनर. मी दोन्ही ओळी दाखवल्या.

“आम्ही लहानपणी या फ्रॉकभोवती गाणी म्हणायचो,” त्या म्हणाल्या. “वाढदिवसाची.” मग त्यांनी भिंग पुन्हा दुसऱ्या ओळीवर नेलं. ब्रांटबाई पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

“तिची आई बाळंतपणात गेली, एवढं ठाऊक आहे,” लिंडनरबाई शेवटी म्हणाल्या. “चार बोटं वाढायला किती दिवस लागतात?”

“साधारण वर्षभर.”

“घरातले जन्म-मृत्यू लिहायचे त्या बायबलमध्ये बाळाचा जन्म लिहिलाय. पुढे काहीच नाही. म्हणजे दुसरी फीत त्याची. ते वर्षभर जगलं.”

“फ्रॉक तेवढं सांगत नाही. दुसरा दुखवटा झाला, एवढंच सांगतो. कुणाचा, ते नाही.”

“हो, हो. तुम्ही तेवढंच लिहा. उरलेलं मी घरी सांगेन.” त्यांनी सही केली. “आणि धुऊ नका.”

शुक्रवारी फ्रॉक डागांसकट काचेत लागला. पहिल्याच तासात एका गृहस्थांनी तक्रार केली, निदान धुवायचा तरी होता. तीन आठवड्यांनी माझी नोकरी कायम झाली. अहवालात ब्रांटबाईंनी एक शेरा मारला: निर्णय घ्यायला वेळ लावते. मी त्यावर हरकत घेतली नाही. न धुतलेलं कापड कधीही धुता येतं. धुतलेलं पुन्हा न धुतलेलं करता येत नाही.